बेस क्लॅरिनेटचे वरचे स्वर चिरकतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेस क्लॅरिनेटचे खालचे स्वर पहिल्याच दिवशी माणसाला आपलंसं करतात. वरचे स्वर मात्र महिनोन्महिने छळतात. इथे जमवलेले प्रश्न नव्याने बेस हातात घेतलेल्यांचे आहेत, साध्या क्लॅरिनेटवरून किंवा सॅक्सोफोनवरून बेसकडे आलेल्यांचेही आहेत. काही एके काळी माझेच होते. स्वरांची नावं सगळीकडे कागदावर लिहिलेल्या स्वरांची आहेत. ट्रेबल क्लेफमध्ये लिहिलेला स्वर बेसवर प्रत्यक्षात एक सप्तक आणि एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतो, पण बोटांच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही.

चिरकणं म्हणजे नेमकं काय? सगळे नको असलेले आवाज एकाच जातीचे असतात का?

नाही, आणि हा फरक ओळखता आला तर अर्धं काम झालं. ‘चिरकतंय’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगवेगळ्या तक्रारी घालतो.

पहिली खरी चिरकी: जो स्वर काढायचा आहे तो सोडून आवाज एकदम वर उडतो, ‘चीं’ होतं. दुसरी उलटी, म्हणजे वरचा स्वर लागण्याआधी खालून ‘घुर्र’ असा जाड आवाज येतो आणि मग स्वर वर चढतो, किंवा चढतच नाही. तिसरीत नुसती हवा जाते आणि स्वर उशिरा, नाइलाजाने आल्यासारखा येतो.

वर उडणाऱ्या आवाजात बहुधा कुठेतरी गळती असते, नको ते छिद्र उघडं असतं किंवा ओठांचा दाब चुकलेला असतो. खालून घुरघुरणाऱ्या आवाजात रजिस्टरचं छिद्र (वरच्या स्वरांसाठी उघडणारं बारीक छिद्र) नीट उघडत नसतं, नाहीतर हवा आणि जीभ कमी पडत असते. नुसती हवा येत असेल तर आधी रीड, म्हणजे माउथपीसवर बसणारी थरथरणारी पट्टी, बघा. हे नियम काटेकोर नाहीत, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून ठरवता येतं.

क्लॅरिनेटवर वरचा स्वर तयार तरी कसा होतो?

बासरीवर किंवा सॅक्सोफोनवर त्याच बोटांनी वर गेलं की सा चा तार सा होतो. क्लॅरिनेटचं तसं नाही. नळी आतून जवळपास सगळीकडे सारख्याच रुंदीची आहे आणि माउथपीसच्या बाजूने ती बंद असल्यासारखी वागते. त्यामुळे सम संख्येचे उपस्वर (मूळ स्वराबरोबर त्याच्या वर वाजणारे स्वर) दुबळे असतात आणि विषम संख्येचे, म्हणजे तिसरा, पाचवा, सातवा, हे जोरकस असतात. खालचा ई हा सा मानला, तर रजिस्टर कीने तार सप्तकातला पंचम, म्हणजे बी मिळतो. त्याच्यावरचा उपस्वर अतितार गंधाराच्या आसपास जातो.

रजिस्टर की दाबली की नळीच्या वरच्या भागात एक बारीक छिद्र उघडतं. नळीच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर ते असेल तर मूळ स्वर मोडतो आणि तिसरा उपस्वर शाबूत राहतो. छिद्राचं काम एवढंच.

आता उलट विचार करा. पॅड, म्हणजे भोक मिटणारी गादी, नीट बसला नाही किंवा बोट जरा सरकलं, की तिथेही एक बारीक छिद्र तयार होतं. वाद्याला ते कोणी मुद्दाम उघडलं की चुकून उघडलं, हे कळत नाही. त्या जागी जो उपस्वर बसतो तो ते देऊन टाकतं. बेसवरच्या बहुतेक चिरक्या म्हणजे नको तिथे उघडलेलं रजिस्टरचं छिद्र. ही एक गोष्ट मनात पक्की ठेवलीत तर पुढची बरीच उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

चांगल्या बेसवर रजिस्टरची दोन छिद्रं का असतात?

वाजणारी नळी लांब असेल तर तिचा एक तृतीयांश खाली येतो, आखूड असेल तर वर जातो. एकाच छिद्राने सगळे स्वर सांभाळायचे म्हणजे तडजोड आली. साध्या क्लॅरिनेटवर ती चालून जाते. बेसची नळी त्याच्या साधारण दुप्पट, म्हणून तिथे तडजोड ताणली जाते. सॅक्सोफोनचे जनक अडॉल्फ सॅक्स यांनी १८३८ मध्ये बेस क्लॅरिनेटला सरळ अंगाचं नवं रूप दिलं, तेव्हाच त्यांनी दुसरं रजिस्टर छिद्र घातलं होतं.

आजच्या दोन छिद्रांच्या वाद्यांवर ही अदलाबदल आपोआप होते. तुम्ही डाव्या अंगठ्याने एकच की दाबता. उजव्या हाताचं तिसरं बोट, म्हणजे अनामिका, खाली असेल तर खालचं छिद्र उघडतं आणि ती उचललीत की खालचं मिटून वरचं उघडतं. म्हणजे मधल्या ओळीवरच्या बी पासून ई फ्लॅटपर्यंत खालचं छिद्र, आणि चौथ्या घरातल्या ई पासून पुढे वरचं.

विद्यार्थ्यांसाठी केलेल्या कित्येक वाद्यांवर एकच छिद्र असतं, काहींवर ते नेकवर, म्हणजे माउथपीस बसतं त्या वाकड्या नळीवर, असतं. त्यांच्यावर बी ते ई फ्लॅट हे स्वर जात्याच जरा कोंदट वाजतात. तो तुमचा दोष नाही.

ही अदलाबदल नीट होते की नाही, ते घरी तपासता येतं का?

येतं, आणि प्रत्येकाने एकदा तरी तपासावं. चांगल्या उजेडात बसा. माउथपीस काढून ठेवा. डाव्या अंगठ्याने रजिस्टर की दाबून धरा आणि उजव्या अनामिकेने तिची प्लेट सावकाश दाबा, सोडा, पुन्हा दाबा. दोन छोटे पॅड आळीपाळीने हलताना दिसतील. कुठल्याही क्षणी त्यांतला एकच पूर्ण उघडा असायला हवा आणि दुसरा घट्ट मिटलेला. अंगठा सोडलात की दोन्ही मिटायला हवेत.

माझ्या वाद्यावर डी वरून ई वर जाताना दर दोनदा एकदा चिरकी यायची. जवळपास वर्षभर मी ओठांवर मेहनत घेतली, तीन प्रकारच्या रीड बदलल्या. एका संध्याकाळी टॉर्च घेऊन वाद्य आडवं धरलं आणि अनामिका सावकाश उचलली. वरचा पॅड उघडला, पण खालचा मिटताना केसाएवढा वर राहिला. दांडीच्या टोकाखालचा बुचाचा पातळ तुकडा पडून गेला होता, त्यामुळे दांडी पॅडला शेवटपर्यंत दाबत नव्हती. कागदाची चार पदरी घडी तिथे सरकवली आणि ई वाजवला. स्वच्छ आला, पुन्हा आला, दहा वेळा आला. दोन दिवसांनी कारागिराने नवा बूच चिकटवून दिला. वर्षभराची मेहनत चुकीच्या ठिकाणी गेली याचं वाईट वाटतं, म्हणूनच हे इतकं तपशिलाने लिहितोय.

नेमक्या कुठल्या स्वरांवर चिरकतं, यावरून काय समजतं?

खूप काही. एक कोरा कागद घ्या. मधल्या बी पासून वरच्या सी पर्यंत एकेक स्वर चार मात्रा, मध्यम आवाजात वाजवा. जो बिघडला त्यापुढे खूण करा. हे तीन वेगवेगळ्या दिवशी करा, म्हणजे एखाद्या वाईट रीडमुळे फसगत होणार नाही.

बी, सी, सी शार्प, डी, ई फ्लॅट एवढेच स्वर घुरघुरत किंवा फाटत असतील आणि ई पासून पुढे सगळं स्वच्छ असेल, तर संशय खालच्या रजिस्टर छिद्रावर, किंवा उजव्या हाताच्या खालच्या मोठ्या पॅडवर. बी ला जवळजवळ सगळी भोकं मिटलेली असतात, म्हणून एक कुठलाही पॅड गळत असेल तर तो इथे उघडा पडतो. याच्या उलट, ई पासून वर बिघडत असेल तर वरचं छिद्र किंवा मघाशी सांगितलेली अदलाबदल तपासा. ए, बी, सी हे सगळ्यात वरचे तीनच स्वर खालून घुरघुरत असतील तर बहुधा वाद्य बरं आहे, हवा आणि जीभ कमी पडतेय.

कागदावर काही आकृतीच उमटत नसेल, आज हा स्वर तर उद्या तो, तर दोष रीडचा, ओठांचा किंवा बोटांच्या सवयीचा. वाद्याचा बिघाड सहसा ठरलेल्या जागी येतो. माणसाचा फिरता असतो.

पॅड गळतोय हे कसं ओळखायचं?

आधी कानाने. खालच्या रजिस्टरमध्ये, अगदी हळू आवाजात, गळ्यातल्या, म्हणजे मधल्या बी च्या लगेच खालच्या, जी पासून एकेक अर्धा स्वर खाली या. जिथे पहिल्यांदा स्वर अडखळतो, बोटं घट्ट आवळावीशी वाटतात, तिथे नुकत्याच मिटलेल्या पॅडकडे बघा. गळक्या पॅडच्या वरचे स्वर ठीक आणि खालचे सगळे नाराज, असं चित्र दिसतं. बोटं जोरात दाबली की स्वर सुधारत असेल तर गळती जवळपास नक्की.

मग कागदाने. सिगारेट वळायच्या पातळ कागदाची बोटाच्या पेरापेक्षा अरुंद पट्टी कापा, पॅडखाली सरकवा, वाजवताना दाबता तेवढ्याच दाबाने की मिटा आणि कागद हलकेच ओढा. पॅडच्या चारी बाजूंनी सारखा अडसर जाणवायला हवा. एका बाजूला पट्टी लोण्यातून सुरी जावी तशी निसटली, तर गळती तिथे. बेसचे पॅड मोठे असतात, त्यामुळे तीन बाजू घट्ट आणि चौथी सैल असं फार वेळा होतं.

ज्या वाद्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग जोडावे लागतात, त्याच्या जोडावर वरच्या भागातली एक की खालच्या भागाला दांडीने जोडलेली असते. जोडताना भाग जरासा तिरका फिरला की ती दांडी एक पॅड अर्धवट उघडा ठेवते. वाद्य जोडताना रोज त्या जागी नजर टाका. नेकवर रजिस्टरचं छिद्र असेल तर तिथेही हेच: नेक वाकडी बसली तर दांडी कीला नीट पोचत नाही.

साध्या क्लॅरिनेटवर माझे वरचे स्वर छान आहेत. बेसवरच का चिरकतात?

कारण तुम्ही बेसवर साधा क्लॅरिनेट वाजवताय. ही सवय कळण्यासारखी आहे, पण बेसची रीड रुंद आणि लांब असते. तिला हलायला जागा हवी आणि खालून मऊ, रुंद आधार हवा. साध्या क्लॅरिनेटवरचा घट्ट, टोकदार ओठ इथे आणला की रीडचं टोक दबतं आणि मूळ स्वर धरायला वावच राहत नाही.

सॅक्सोफोनवरून आलेल्यांची अडचण वेगळी असते. माउथपीस तोंडात भरपूर घेणं त्यांना जमतं, पण हनुवटी सैल राहते आणि वरच्या रजिस्टरमध्ये स्वर डगमगतो. त्यांनी ओठांचे कोपरे आत, हनुवटी सपाट, एवढं सांभाळावं.

माउथपीस किती तोंडात घ्यायचं?

बहुतेक जण घेतात त्यापेक्षा जास्त. मोजायची एक पद्धत आहे. रीड लावलेली असताना कागदाची पट्टी रीड आणि माउथपीस यांच्यामधल्या फटीत वरून खाली सरकवा. ती जिथे थांबते, तिथून रीड माउथपीसला टेकायला लागते. रीडच्या कडेला त्या जागी पेन्सिलने बारीक खूण करा. खालचा ओठ या खुणेच्या आसपास यायला हवा.

मग मधल्या ई वर प्रयोग करा. मुद्दाम कमी माउथपीस घेऊन सुरुवात करा, दर श्वासाला किंचित पुढे जा. आवाज हळूहळू मोठा आणि मोकळा होत जाईल, आणि एका जागी एकदम ‘चीं’ होईल. तिथून जरासं मागे या. तुमची जागा ती.

माउथपीस फार पुढे गेलं की चिरकतं, कारण ओठ रीडच्या स्वतःच्या कंपनाला आवर घालतो. तो आवर सुटला की नळीला न जुमानता रीड स्वतःच्या उंच स्वरात ओरडते.

ओठ आवळले की चिरकणं थांबतं. मग तसंच वाजवलं तर काय बिघडलं?

तात्पुरतं थांबतं हे खरं. पण आवळल्याने रीड बंद व्हायला लागते, स्वर चढा होतो, आवाज बारीक पडतो आणि ओठ पंधरा मिनिटांत थकतो. थकला की चिरकी दुप्पट परत येते आणि तुम्ही आणखी आवळता. या चक्रात अडकलेले वादक मी बरेच पाहिलेत, मीही त्यांच्यातला एक होतो. गळती लपवायला ओठ वापरू नका. आधी गळती बुजवा.

दाबाची कल्पना अशी ठेवा: खालचा ओठ म्हणजे उशी, चिमटा नव्हे. कोपऱ्यांतून आत येणारी पकड, आणि जबडा वर न ढकलता जागेवर.

जीभ आणि घसा कुठे ठेवायचा? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

खरंच वेगळं सांगतात. कोणी ‘ई’ म्हणा सांगतो, कोणी ‘ओ’. जिभेची जागा शब्दाने सांगणं अवघड आहे, म्हणून मी शब्दापेक्षा व्यायामावर विश्वास ठेवतो.

खालचा ई वाजवा, भरदार, आठ मात्रा. मध्येच कोणाला तरी तुमची रजिस्टर की दाबायला सांगा, तुम्हाला न सांगता. तुम्ही ओठ, जीभ, हवा काहीही बदलायचं नाही. बी आपोआप यायला हवा. एकटेच असाल तर स्वतःच्या अंगठ्याने करा, पण त्या क्षणी जबडा हलला का ते आरशात बघा. बहुतेकांचा हलतो. ई नंतर एफ, जी, ए असं वर जा. इतकं साधं काम करून माझ्या क्लॅरियन रजिस्टरमधली, म्हणजे मधल्या बी पासून वरच्या सी पर्यंतची, अर्धी धडपड गेली.

पुढचा टप्पा अवघड आणि फार उपयोगी. खालच्या ई ची बोटं धरा, रजिस्टर कीला हात न लावता फक्त तोंडाच्या आतल्या आकाराने बी काढा. मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. सा, तार पंचम, अतितार गंधार, आणि त्यापुढे कोमल निषादाच्या जरा खालचा स्वर, अशी ही शिडी आहे. सुरुवातीला चिरक्याच येतील, येऊ द्या. चिरकी म्हणजे तुम्ही न बोलावता आलेला उपस्वर. तो बोलावता यायला लागला की न बोलावता येणं कमी होतं. प्रत्येक पायरीला जिभेचा मधला भाग किती वर गेला हे आतून जाणवायला लागतं, आणि ती जाणीव कुठल्याही शब्दापेक्षा भरवशाची असते.

हवा मात्र सगळीकडे सारखी हवी. वरच्या स्वराला जोर लागतो या समजुतीने एकदम फुंकर मारू नका. लागतो तो वेग, आणि तो स्वर सुरू होण्याआधीपासून.

ए वरून बी वर जाताना नेहमी गडबड होते.

गळ्यातला ए म्हणजे जवळपास मोकळी नळी, आणि बी म्हणजे जवळपास पूर्ण मिटलेली. एका क्षणात सात-आठ बोटं एकत्र बसली पाहिजेत. बेसवर प्लेटा मोठ्या आणि अंतरं जास्त, त्यामुळे एखादं बोट उशिरा पोचतं आणि तेवढ्यात ते भोक रजिस्टर छिद्राचं काम करून मोकळं होतं.

उपाय जुनाच, पण खरोखर चालणारा: गळ्यातले जी, ए, बी फ्लॅट वाजवताना उजव्या हाताची बोटं आधीच खाली ठेवा. या स्वरांना त्याने फारसा फरक पडत नाही, आणि बी ला हलवायची बोटं निम्म्यावर येतात. डाव्या तर्जनीने ए ची की उचलून दाबू नका, बोट तिच्यावर कलतं करा. उजव्या तर्जनीच्या मुळाशी बाजूच्या की असतात. हात दमला की पंजा खाली सरकतो आणि त्यांतली एखादी नकळत उघडते. ‘माझा बी कधीकधी चिरकतो’ या तक्रारीत मला हे कारण सारखं सापडतं.

दुसऱ्या जादा रेघेवरच्या सी च्या वर काहीच लागत नाही.

साध्या क्लॅरिनेटवर सी शार्पला डावी तर्जनी उचलायची असते. बेसवर ती पूर्ण उचलली तर भोक फार मोठं उघडतं. म्हणून तर्जनीच्या प्लेटमध्ये एक बारीक छिद्र केलेलं असतं. बोट प्लेटवरच ठेवायचं आणि खाली सरकवून किंवा कलतं करून तेवढं छिद्र उघडायचं. प्लेट दाबलेलीच राहिली पाहिजे. सगळे जण इथेच चुकतात: बोट सरकवताना दाब सुटतो, प्लेट किंचित उचलली जाते आणि स्वर फाटतो.

हे छिद्र म्हणजे आणखी एक रजिस्टर छिद्र. खालच्या ए च्या बोटांचा तिसरा उपस्वर ई, आणि पाचवा हा सी शार्प. म्हणून बोटं जवळजवळ तीच राहतात, फक्त तर्जनी सरकते. खालच्या बी फ्लॅटच्या बोटांवरून असाच डी मिळतो, आणि सी च्या बोटांवरून वरचा ई.

छिद्र घामाने आणि धुळीने बुजतं. उजेडाकडे धरून बघा, पलीकडचं दिसत नसेल तर मऊ काडीने हलकेच साफ करा. उजव्या करंगळीची ई फ्लॅट की साध्या क्लॅरिनेटवर या भागात लागते. बेसवर ती लावून आणि न लावता दोन्ही करून बघा, प्रत्येक वाद्याचं मत निराळं असतं.

रीडमुळे चिरकत असेल का?

शक्य आहे, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत रीडचा निकाल लावा. रीड काढा, माउथपीसवर नीट मधोमध पुन्हा बसवा. टोक माउथपीसच्या टोकाशी समपातळीत, किंवा केसभर खाली. एका बाजूला सरकलेली रीड हमखास चिरकते. टोक लाटेसारखं झालं असेल तर ते पाण्याने सपाट होईपर्यंत थांबा. बेसची रीड मोठी, तिला भिजायला वेळ लागतो. तुकडा उडालेली रीड फेकून द्या, जीव अडकवू नका.

मग चोखून बघा: नेकवर बसणारं माउथपीसचं टोक तळहाताने मिटा, दुसऱ्या टोकाने हवा ओढून घ्या आणि तोंड काढा. रीड क्षणभर चिकटून राहून ‘टप्’ करून सुटली तर रीड आणि माउथपीस यांची जोडी जमली. लगेच सुटली तर एकतर रीड वाकलीय किंवा तिचा तळ सपाट नाही. पाच रीडांनी तेच केलं तर माउथपीसवर संशय घ्या.

नंबर म्हणाल तर २.५ किंवा ३ पासून सुरुवात करा. फार मऊ रीड वरच्या रजिस्टरमध्ये मिटून जाते, फार कडक रीड ओठ आवळायला लावते. टेनर सॅक्सोफोनच्या रीड मापाने जवळच्या असतात आणि बरेच बेसवादक त्या वापरतात, तेव्हा करून बघायला हरकत नाही.

वीस मिनिटं छान वाजतं आणि मग अचानक चिरकायला लागतं.

पाणी. श्वासातली वाफ आत थिजते आणि एखाद्या छिद्रात थेंब जाऊन बसतो. रजिस्टरच्या छिद्रात बसला तर वरचे सगळे स्वर एकदम बिघडतात, आणि बरोबर बारीक बुडबुड ऐकू येते. पॅडखाली शोषकागद ठेवून छिद्रातून जोराने हवा मारा. मध्ये मध्ये नेक काढून त्यातलं पाणी ओता. कापड ओढताना सावकाश: रजिस्टरच्या छिद्राची नळी आत डोकावलेली असते, कापड तिला अडकतं.

पाणी नसेल तर थकवा. त्याला विश्रांतीशिवाय औषध नाही.

सलग वाजवताना ठीक, जीभ मारली की चिरकतं.

जिभेचा घाव मोठा होतोय. जिभेने रीडला फक्त हवा सुटेपर्यंत थोपवायचं असतं. ‘ता’ ऐवजी ‘दा’ म्हणून बघा, आणि जिभेचं टोक रीडच्या टोकाच्या जरा खाली लागू द्या. आधी तोच स्वर जीभ न वापरता, नुसत्या हवेने सुरू करायला शिका. हवेने सुरू होत नसेल तर जिभेला दोष देण्यात अर्थ नाही.

बसण्याचा आणि खालच्या दांडीच्या उंचीचा संबंध आहे का?

आहे, आणि मोठा आहे. आधी वाद्य विसरून ताठ, सैल बसा. मग जमिनीवर टेकणारी दांडी अशी लावा की माउथपीस स्वतः तुमच्या तोंडाशी येईल. दांडी ठेंगणी असेल तर मान वाकते आणि घसा दाबला जातो. उंच असेल तर माउथपीस खालून वर घुसतं आणि रीडवर नको तो दाब येतो. बूट बदलले, खुर्ची बदलली तरी पुन्हा मोजा. वाद्याचं वजन उजव्या अंगठ्यावर येत असेल तर गळ्यातला पट्टा लावा, म्हणजे बोटं मोकळी राहतील.

नवं माउथपीस घेतल्याने प्रश्न सुटेल का?

कधी कधी. वाद्याबरोबर येणारी काही माउथपीस खरोखर सुमार असतात. पण गळक्या वाद्यावर उत्तम माउथपीसही चिरकतं. खरेदीच्या आधी एक गोष्ट करा: बेस चांगला वाजवणाऱ्या कोणाला तरी तुमचं वाद्य, तुमच्याच माउथपीसने वाजवायला द्या. त्यांनाही त्याच स्वरावर चिरकलं तर वाद्य. त्यांना चिरकलं नाही तर ओठ आणि हवा. त्यांच्या माउथपीसने एकदम सुधारलं तर माउथपीस. दहा मिनिटांचं काम आहे.

कारागिराकडे कधी न्यायचं, आणि काय सांगायचं?

कागदाची पट्टी निसटली, रजिस्टरचे पॅड आळीपाळीने मिटत नाहीत, दांडी वाकलेली दिसते, यांतलं काहीही असलं तर लगेच. स्क्रू स्वतः फिरवू नका. बेसवर एक स्क्रू दोन-तीन पॅडांची वेळ सांभाळत असतो, एक सुधारताना दुसरा बिघडतो.

‘वरचे स्वर चिरकतात’ एवढंच सांगितलंत तर कारागिरालाही पहिल्यापासून शोधावं लागतं. तीन दिवसांचा तो खुणांचा कागद बरोबर न्या. ‘डी वरून ई वर जाताना आवाज वर उडतो, बोट जोरात दाबलं तरी फरक नाही, खालचे स्वर हळू आवाजातही येतात’ असं सांगता आलं पाहिजे. आणि वाद्य परत घेताना तिथेच जोडून, तोच ई वाजवून बघा.